मागच्या काचेतलं भोक

“मागची काच मीच कापली होती,” पप्पा फोनवर म्हणाले. मला एवढंच हवं होतं. मी ड्रिलची पिन बोर्डात घालायला वाकले, आणि पलीकडून जरा दम घेऊन ते पुढे म्हणाले, “बहुतेक.” मग त्यांनी जेवलीस का, अर्हम सुरतेहून कधी येणार, जळगावात ऊन किती, असं सगळं विचारलं आणि मी हो, उद्या, फार, अशी उत्तरं दिली. फोन बंद झाला तरी मी पिन हातात धरून तशीच बसून राहिले. हॉलच्या मधोमध जुन्या गादीवर माझी चार फुटी टाकी पुढच्या काचेवर आडवी पडली होती, मागची काच छताकडे करून. मासे दोन बादल्यांत होते. खरं तर अर्ध्या तासात काम उरकायचं ठरवून मी सकाळपासून सगळी मांडामांड केली होती.

पप्पांच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. धुळ्याला आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं काचेचं दुकान, आणि त्या दुकानात बहुतेकला जागा नव्हती. माप बहुतेक बरोबर असेल तर काच खिडकीत बसत नाही, आणि बसलीच तर पहिल्या वावटळीत खाली येते आणि गिऱ्हाईक आपल्या डोक्यावर बसतं. लहानपणी मी शाळेतून थेट दुकानात यायचे. पप्पा काचेवर लाकडी पट्टी ठेवायचे, कटर एकदाच ओढायचे, दुसऱ्यांदा कधीच नाही, आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबलं की काच सांगितल्यासारखी दुभंगायची. उरलेल्या पट्ट्यांतून ते मला माशांच्या टाक्या करून द्यायचे. आधी डब्याएवढी, मग पेटीएवढी, आणि लग्न ठरलं तेव्हा ही. लोकांच्या पोरी सासरी सोफा नेतात, माझी पोरगी मासे नेते, असं ते सगळ्या नातेवाइकांना हसत सांगायचे. टाकी माझ्याबरोबर पारोळा, एरंडोल करत जळगावला आली आणि त्याच वर्षी पप्पांना झटका आला. उजवा हात वाचला, पण त्याला कंप सुटला. दुकान आता माझा चुलतभाऊ बघतो, पप्पा गल्ल्यामागे बसून आल्यागेल्याशी बोलतात. त्यांच्या हाताने जोडलेली शेवटची वस्तू ही टाकी, आणि तिलाच भोक पाडायला मी बसले होते.

आता बहुतेकने एवढं काय बिघडलं, तर काचेत दोन जाती असतात. साधी आणि टफन. टफन म्हणजे भट्टीत तापवून एकदम गार केलेली. वरून ती हातोड्याचा फटका सोसेल, पण तिच्यात एक चरा खोल गेला की अख्खी काच लाह्यांसारखी उधळते. म्हणून टफन काच कापता येत नाही, आणि जी कापली ती टफन नसते. पप्पांनी मागची काच कापली असेल तर मी निर्धास्त. पण टाकीचा तळ त्यांनी एका बंद पडलेल्या शोरूमच्या काचेच्या फळ्यांतून तयार उचलला होता, तसाच्या तसा, मापात बसला म्हणून. तो टफन होता, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. त्या शोरूमच्या फळ्या पुष्कळ होत्या. मागची काचही त्यांतलीच एखादी असली तर? टफनवर कधीकधी कारखान्याचा शिक्का असतो, तो मी चारी कोपऱ्यांत शोधला, दिसला नाही. कडा पाहाव्यात तर त्या सिलिकॉनखाली गाडलेल्या. कुठेतरी वाचलं होतं म्हणून नवऱ्याचा, अर्हमचा, उन्हाचा चष्मा घालून, मोबाइलचा पांढरा पडदा काचेमागे धरून बघितलं. टफन असेल तर काळसर डाग दिसतात म्हणे. मला डाग दिसले. काच पुसून पुन्हा पाहिलं तर ते गेले, आणि आणखी एकदा पाहिलं तर दुसरीकडे दिसायला लागले. भ्यायलेल्या माणसाने असल्या तपासण्या करू नयेत.

थांबावं, तर थांबायला वेळ नव्हता. बाबूजी, म्हणजे माझे सासरे ज्ञानचंदजी, पहूरला नात्यातल्या लग्नाला गेले होते आणि संध्याकाळच्या आत, सूर्यास्तापूर्वी जेवायला, परत येणारच होते. त्यांच्यादेखत मला हे करायचं नव्हतं. ते ओरडले असते म्हणून नव्हे. बाबूजी ओरडत नाहीत, ते सोडतात. दुधात एकदा मुंगी मेलेली निघाली, त्यांनी दूध सोडलं. नोकराने उंदराला पिंजरा लावला, त्यांनी गूळ सोडला. कुणाला एक शब्द बोलायचं नाही, ताट आल्यावर ती वस्तू फक्त बाजूला सारायची. त्या बाजूला सारलेल्या वाटीकडे बघत माझ्या सासूने, मम्मीजींनी, किती जेवणं गिळली असतील, देव जाणे. माणूस रागावला तर त्याला उत्तर देता येतं, आदळआपट करता येते. सोडलेल्या वाटीला काय उत्तर द्यायचं?

टाकीबद्दल त्यांनी साखरपुड्यातच सांगितलं होतं की या घरात जीव कोंडून ठेवत नाहीत. मग स्वतःच विचार करून म्हणाले, पण जे कोंडलेले आहेत त्यांना कुठे टाकणार, ते येऊ देत, त्यांचं आयुष्य आहे तोवर राहू देत, नवीन आणायचे नाहीत. मी मान डोलावली. माझ्या टाकीत काळ्या मॉली होत्या आणि मॉली अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, भरमसाट देतात. हा ठराव त्यांना कोणी कळवला नव्हता. पिल्लं नखाच्या कोरीएवढी. टाकीच्या कडेला लटकवलेला फिल्टर पाणी ओढायचा आणि पाण्याबरोबर पिल्लंही. एका सकाळी मी मोरीत फिल्टरचा स्पंज पिळत होते आणि बाबूजी मागे येऊन उभे राहिले. स्पंजातून काळे ठिपके निघत होते. त्यांनी विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. त्यांनी काहीतरी पुटपुटत डोळे मिटले, आणि त्या दिवसापासून तूप सोडलं. जेवताना मला म्हणाले, “बेटा, पुन्हा असं झालं, किंवा या टाकीपायी घरात कुठल्याही जीवाला त्रास झाला, तर टाकी जाईल. असोद्याला जीवरामचं शेततळं आहे, मासे तिथे मोकळे राहतील.” जीवराम पाटील बाबूजींच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, केळीवाला. त्याच्या शेततळ्यात हाताएवढे मासे आहेत आणि काठावर बगळे. माझ्या मॉली तिथे एक दुपार मोकळ्या राहिल्या असत्या.

म्हणून हे भोक. मागच्या काचेत वरच्या अंगाला भोक पाडायचं, त्यात टँक निपल बसवायचं, छतावरच्या पाण्याच्या टाकीला बसवतात तसलंच. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की आपोआप त्यातून पाइपने खाली, स्टँडच्या कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या लहान टाकीत. तिला सम्प म्हणतात. गाळ, स्पंज, घाण सगळं तिथे. तिथून पंप स्वच्छ पाणी वर फेकणार, आणि तेच पाणी फिरत राहणार. वर ओढणारं यंत्र नाही, वास नाही, दर आठवड्याला टाकीतलं पाणी मोरीत ओतणं नाही. पाण्याच्या थेंबालाही जीव मानणाऱ्या घरात ते ओतणंही मला चोरीसारखं वाटायचं. सगळं एका भोकावर अडलेलं होतं.

मम्मीजी स्वयंपाकघरातून कणीक घेऊन आल्या. भोकाच्या जागेभोवती पाळ करून आत पाणी साठवायचं असतं, नाहीतर पातं तापून काच तडकते. त्यासाठी मी त्यांच्याकडे कणीक मागितली होती. त्यांनी बाकी काहीही न विचारता फक्त पुरीची की पोळीची, एवढं विचारलं होतं. पुरीची, घट्ट. त्या गादीच्या कडेला पदर खोचून उकिडव्या बसल्या आणि मी काचेवर पाळ लावत असताना बघत राहिल्या. या बाईचं मला कधी कळलं नाही. टाकीच्या बाजूने त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या आणि विरुद्धही नाही. पण दुपारी सगळे निजले की मी त्यांना टाकीसमोर स्टूल टाकून बसलेलं पाहिलं होतं, ओठ हलवत, जणू पिल्लं मोजत. मी आले की त्या उठायच्या आणि स्टूल जागेवर ठेवायच्या. आता त्यांनी विचारलं, फुटली तर? मी म्हटलं, फुटली तर संपलं. त्या म्हणाल्या, मग फुटणार नाही. एवढी साधी तर्कपद्धती मला जमली असती तर मी सुखी झाले असते.

ड्रिल सुरू केलं. पातं म्हणजे हिऱ्याची पूड लावलेली एक पोकळ नळी. ते आधी तिरकं टेकवायचं, सरळ टेकवलं तर काचेवर नाचत सुटतं. तिरक्या कडेने चंद्रकोरीएवढी खाच पडली की हळूहळू उभं करायचं. आवाज दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, आपल्याच हाडांत शिरणारा. पाळीतलं पाणी दुधाळ व्हायला लागलं. मी हाताचं वजन अजिबात टाकत नव्हते, ड्रिलचं वजन पुरे असतं. तरी खांदे दगड झाले होते. काच टफन असेल तर आता जाईल. नाही, आता. आता. प्रत्येक फेरीला मला ती उधळलेली दिसत होती, मम्मीजींच्या मांडीवर, गादीवर, माझ्या केसांत. आणि त्याहून वाईट म्हणजे पप्पा दिसत होते. गल्ल्यामागे बसलेले, फोन कानाला, आणि मी त्यांना सांगते आहे की पप्पा, ती तुम्ही कापलेली नव्हती. काच गेली तर दुसरी आणता आली असती. पण त्यांचं बहुतेक खोटं ठरलं असतं, आणि त्यांना कळलं असतं की हाताबरोबर आता आठवणही हलायला लागली आहे. मला ते त्यांना कळायला नको होतं. मला ते मलाही कळायला नको होतं.

मध्येच आवाज बदलला. कर्र होतं ते भरड झालं, खालच्या सुरात गेलं. मी ड्रिल उचललं. मम्मीजी म्हणाल्या, थांबलीस का? मला सांगता येईना की लहानपणी दुकानात ऐकलेल्या, टफन काच उधळल्याच्या आवाजाची मी वाट बघत होते आणि हा तो नव्हता. पाणी टिपून घेतलं, बोटाने खाच चाचपली. अर्ध्याहून जास्त खोल, गोल, स्वच्छ. टफन काच इथवर आलीच नसती. म्हणजे पप्पांनीच कापली होती. मला एकदम रडू फुटलं आणि मी ते फुटू दिलं, कारण समोर मम्मीजींशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी कणकेचा हात पदराला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला. मग म्हणाल्या, पूर्ण कर. राहिलेलं काम मी अगदी हलक्या हाताने केलं. काच सुटताना कडेला टवका उडतो, म्हणून आतून जाड चिकटपट्टी लावली होती. रुपयापेक्षा मोठी चकती टुक करून तिच्यावर बसली. मम्मीजींनी ती उजेडात धरून बघितली. नंतर त्यांना भलतीच काळजी लागली, या कणकेचं काय करायचं. गाईला द्यावी तर तिच्यात काच, कचऱ्यात टाकावी तर मुंग्या येऊन खाणार. शेवटी त्यांनी ती गच्चीवर नेऊन, घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून ठेवली. मी हसले. मुंग्यांना काच लागेल ही काळजी मला सात जन्मांत सुचली नसती.

त्यानंतर पाऊसपाणी संपेपर्यंत सगळं ठीक चाललं. रबरी वायसर आतल्या बाजूने, निपल हाताने जेवढं आवळेल तेवढंच, भोकाच्या भोवती आत एक उभा खोका आणि त्याच्या वरच्या कडेला करवतीने पाडलेल्या बारीक फटी, मासे जाऊ नयेत म्हणून. लाइट गेली की काय होईल हेही मी पिन उपटून तपासलं होतं. पंप थांबतो, वरचं थोडं पाणी खाली उतरतं, सम्पमध्ये मावतं, लाइट आली की पुन्हा वर चढतं. आमच्याकडे लाइट जायला निमित्त लागत नाही, तेव्हा ही परीक्षा रोजची. फटींतून एखादं पिल्लू जायचंच. पण ते पाण्याबरोबर घसरत खालच्या पहिल्या कप्प्यात पडायचं आणि तिथे मजेत फिरायचं. मी दर दोन दिवसांनी ती जाळीने काढून वर सोडायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला त्यात काय रस, असं मला वाटलं. बाबूजी टाकीवरून जाताना मान दुसरीकडे करायचे. तूप त्यांनी पुन्हा सुरू केलं नव्हतं, पण टाकीबद्दल बोलणंही थांबवलं होतं, आणि मी त्यालाच सुख समजत होते.

त्या दिवशी दुपारी लाइट गेली होती ती आली. मी स्वयंपाकघरात होते. मम्मीजी पिण्याचं पाणी गाळत होत्या. आमच्या घरात नळाचं पाणी दुहेरी जाड कपड्यातून गाळल्याशिवाय कोणी ओठाला लावत नाही. गाळून झालं की त्या तो कपडा उलटा करून खालच्या हौदात खळबळतात, कारण जे जीव कपड्यात अडकले ते आपल्या पाण्यात परत गेले पाहिजेत. त्यांच्या माहेरी हौदाऐवजी विहीर होती, एवढाच फरक. आतल्या खोलीत बाबूजी सामायिकाला बसले होते. सामायिक म्हणजे ठरल्या वेळेपर्यंत एका आसनावर स्थिर बसायचं, उठायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही, आणि कच्च्या, न उकळलेल्या पाण्याला स्पर्शही करायचा नाही. मला आधी एक सळसळ ऐकू आली. पंखा असेल वाटलं. मग थपथप. मी हॉलमध्ये आले तेव्हा टाकीच्या पुढच्या काचेवरून पाण्याचा पडदा खाली येत होता आणि फरशीवरून एक ओघ, कुठेही न थांबता, बाबूजींच्या उघड्या दाराकडे चालला होता.

पंपाची पिन उपटली. डोक्यात एकच, काच तडकली, भोकापासून चीर गेली, आज ना उद्या जाणारच होती. मी मागच्या काचेवर, निपलभोवती, खाली, सगळीकडे हात फिरवला. कोरडी. ठणठणीत कोरडी. मग हे पाणी वरून कसं आलं? विचार करायला वेळ नव्हता. मम्मीजी चादर घेऊन धावत आल्या, मी तीच हिसकावून दाराच्या उंबऱ्यावर टाकली, पण पाणी आत गेलं होतं. दारातून मला बाबूजी पाठमोरे दिसत होते. पांढरं लोकरी आसन, ताठ कणा, हातात माळ. पाणी आसनाच्या कडेला पोचलं, क्षणभर अडलं, आणि लोकरीत चढायला लागलं. पांढरं होतं ते राखाडी होत गेलं. त्यांना कळलं नाही असं नाही. त्यांच्या मानेची शीर मला दिसली. पण ते उठू शकत नव्हते आणि मला थांबवूही शकत नव्हते. मी चोरासारखी चवड्यांवर त्यांच्याभोवती पाणी टिपत होते आणि माळेचे मणी तेवढ्याच सावकाश पुढे सरकत होते. असं वाटत होतं की ते ओरडले तर बरं.

वेळ पूर्ण झाल्यावर त्यांनी पाठ म्हटला, मग ते उठले, आणि भिजलेलं आसन दोन्ही हातांनी समोर धरून हॉलमध्ये आले. तेवढ्यात दुकानाच्या टेम्पोचा ड्रायव्हर तोताराम वर आला. रोज या वेळी तो त्यांना दुकानात न्यायला येतो, गुडघ्यांमुळे त्यांना स्कूटर जमत नाही. त्याने दारातूनच फरशी बघितली आणि चपला हातात घेतल्या. “अरे बाप, बठ्ठं पानी पानी व्हई गयं,” तो स्वतःशीच म्हणाला.

बाबूजींनी त्याला शांतपणे सांगितलं की आज दुकान राहू दे. ही टाकी आणि मासे असोद्याला जीवरामकडे पोचवायचे, त्याला फोन आपण करू. माझ्याकडे बघून ते म्हणाले की बेटा, ठरलं होतं ना आपलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता. मला म्हणायचं होतं की काच फुटलेली नाही, माझं काम चुकलेलं नाही, मला फक्त बघू द्या काय झालं ते. पण त्यांच्या हातातल्या आसनातून पाणी ठिबकत होतं, आणि त्याच्यापुढे माझ्या काचेचं कौतुक कोणाला? मी स्टुलावर चढले आणि टाकीत हात घातला. खोक्याच्या कडेवर बोटं फिरवली. फटी लागल्याच नाहीत. फटींवर कापड होतं, बुळबुळीत झालेलं, सुतळीने गाठ मारून बांधलेलं. मी ते ओढून काढलं, तशी कोंडलेलं पाणी एकदम गुडगुडत खाली गेलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. निळ्या काठाचं जाड कापड. पिण्याचं पाणी गाळायच्या कापडांतलंच एक. या घरात ते एकाच बाईच्या हातात असतं.

मी मूठ मिटली. “काय निघालं?” बाबूजींनी विचारलं. मी म्हटलं, “शेवाळ.” स्टुलावरून मला मम्मीजी दिसत होत्या. पिळलेली चादर हातात, आणि चेहरा असा की मला दुसरीकडे बघावं लागलं. सगळं समजायला मला पापणी लवायचाही वेळ लागला नाही. त्यांनी त्या स्टुलावर बसून पिल्लू फटीतून जाताना पाहिलं असणार. गेलं ते मेलं, असंच त्यांना वाटलं असणार, कारण खाली ती जिवंत असतात हे मी सांगितलंच नव्हतं. मग या घरात जन्म काढलेल्या बाईने जे करायचं तेच केलं होतं. वाहत्या पाण्याच्या तोंडाला कपडा बांधला होता. दिवसभरात त्यावर चिकटा साचला, आणि पाण्याने दुसरी वाट धरली. बाबूजींना हे कळलं तर ते काही बोलणार नाहीत. काहीतरी सोडतील. या खेपेला काय, मीठ? धान्य? आणि मम्मीजी ती बाजूला सारलेली वाटी बघत राहतील, मरेपर्यंत. त्यापेक्षा टाकी गेलेली परवडली. मी पाडलेल्या भोकातून गळलं, माझ्या हातून झालं, हे म्हणणं मला सोपं होतं. पप्पांना काही कळवायची गरज नव्हती. मी हे ठरवलं, अगदी शांतपणे ठरवलं, आणि त्याच वेळी मिटल्या मुठीत काहीतरी हललं.

आधी मला ते माझीच नाडी वाटली. पुन्हा हललं, करंगळीपाशी. मग मध्ये. कपड्यात पिल्लं होती. अर्थात असणार, त्यांच्यासाठीच तर तो बांधला होता. पाण्याबाहेर ती किती टिकतील? मूठ उघडावी तर निळा काठ सगळ्यांसमोर. मिटलेली ठेवावी तर माझ्या तळहातात ती एकेक करून थांबतील आणि ते मला कळत राहील. हात टाकीत बुडवावा तरी ओल्या कपड्याचा काठ काचेतून दिसणारच. तोताराम बाही सारत स्टँडजवळ आला. बाबूजी जीवरामचा नंबर शोधत होते. मी स्टुलावर उभी, हात छातीशी धरून, आणि मुठीतून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मुठीतली हालचाल कमी होत होती. मी त्यांना मारत होते. बाईमाणसाची अब्रू राखण्यासाठी मी जीव मारत होते आणि मला मूठ उघडता येत नव्हती.

“मूठ उघड, रुची,” मम्मीजी म्हणाल्या. चादर त्यांनी खाली ठेवली होती. “आधी त्यांना पाण्यात सोड.”

बाबूजींनी फोनवरून डोळे उचलले आणि विचारलं, कुणाला. त्या त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे आल्या, स्टुलाला धरून उभ्या राहिल्या. “कपडा मी बांधला,” त्या म्हणाल्या. “पिल्लं वाहून जात होती, माझ्याच्याने बघवेना. पोरीचा काही दोष नाही. पाणी माझ्यामुळे सांडलं. सोडायचं असेल ते सोडा तुम्ही, पण आधी हे जीव पाण्यात जाऊ द्या.” आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं. या घरात त्यांनी बाबूजींना काही सोडा म्हणून सांगितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

मी हात पाण्यात घातला आणि बोटं उघडली. एक पिल्लू तीरासारखं झाडात शिरलं. दुसरं आडवं तरंगलं, गोल फिरलं, आणि मग त्याला शेपूट आठवली. कपडा पाण्यात पसरला, निळा काठ काचेला चिकटला. बाबूजींनी आसन खुर्चीच्या पाठीवर टाकलं, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ते टाकीपाशी आले. इतक्या जवळ की त्यांच्या श्वासाने काचेवर वाफ धरली. मी त्यांचा चेहरा एवढ्या जवळून प्रथमच पाहत होते. ते रागाने बघत नव्हते, शोधत होते. तोतारामने टाकीच्या कडेला हात लावला आणि विचारलं, “भाऊ, पानी उपसू का? असोदालेच लई जानी शे ना?”

“हात लावू नको,” बाबूजी म्हणाले. त्यांचे डोळे कपड्यावरून हलले नव्हते. “रुची, कपडा उलटा कर. त्या घडीत अजून एक आहे.”

मी कपड्याचं टोक धरून ओढलं, पण घडी सुटेना. गाठीतली सुतळी घडीला अडकली होती. तेव्हा त्यांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारली आणि हात टाकीत घातला.